चिमटीचं पांढरं जॅकेट

१२ फेब्रुवारी

ही डायरी साबणवाल्या कंपनीने फुकट दिलेली. गल्ल्याखाली पडून होती. आज उघडली, कारण ताई फोनवर म्हणाली, "तुझ्या मनातलं एक तर कागदावर काढ, नाहीतर मला फोन करायचं बंद कर. माझे कान किटले." सख्खी बहीण आहे. परकी असती तर जरा तरी आडवळणाने बोलली असती.

तर मनातलं. माझी मुलगी तलवारीने खेळते आणि मला भीती वाटते. झालं की लिहून! एका ओळीत संपलं. ताईला मात्र हेच मी दोन वर्षं सांगतेय.

आमची लाँड्री आहे. धुणं माझ्याकडे, इस्त्री यांच्याकडे. मुलगी एकच, सतरा वर्षांची. जन्मली तेव्हा इवलीशी होती, म्हणून हे तिला चिमटी म्हणायला लागले. आता माझ्याहून वीतभर उंच झालीय, तरी चिमटीच. आधी पोहायला जायची. तलावाशेजारच्या हॉलमध्ये तलवारबाजी चालते, तिथे ती एकदा डोकावली आणि अडकलीच. पोहणं काय वाईट होतं? फार तर माणूस बुडतो. पण तलवार मुद्दाम समोरून अंगावर येते!

लोक म्हणतात, उगाच घाबरतेस. माझी भीती हवेतली नाही. आमच्याकडे हॉस्पिटलच्या चादरी येतात, खाटकाचे एप्रन येतात. ताजं रक्त गार पाण्यात सुटतं, गरम पाण्यात घातलं की कायमचं बसतं. चादरीवरचा डाग बघून त्या माणसाचं किती गेलं असेल, हे मला कळतं. रोज दुसऱ्यांच्या चादरी बघणाऱ्या बाईला स्वतःच्या पोरीचं जॅकेट कसं दिसत असेल, ते मला विचारा.

त्या जॅकेटचंही लिहिते. पांढरं, गोणपाटासारखं जाड, पायांच्या मधून पट्टा घेऊन बांधायचं. आणलं तेव्हा कॉलरमधलं लेबल तिच्या मानेला टोचायचं, लाल चट्टा उठला. मी पहिल्याच दिवशी लेबल उसवून फेकून दिलं. तेव्हा चिमटी म्हणाली, "आई, कोचबाईंनी सांगितलंय, याला ब्लीच लावायचं नाही. गार पाणी आणि साधा साबण."

माझं डोकंच फिरलं. वीस वर्षं लाँड्री चालवतेय, आणि मला धुवायला शिकवतायत! म्हटलं, "तुझ्या कोचबाईंना सांग, तलवार कशी धरायची ते मी त्यांना सांगायला येत नाही."  पुन्हा काही तो विषय निघाला नाही.

मशीन थांबलं. बाकी नंतर.

१५ फेब्रुवारी

आज जॅकेट धुतलं. आठवड्यातून दोनदा धुते. मशीनला लावत नाही, हाताने धुते, वेगळ्या टबात. आधी ब्लीचच्या पाण्यात भिजवायचं, मग साबण, मग शेवटच्या पाण्यात जराशी नीळ. दोरीवर घातलं की शेजारचा चाव्या बनवणारा म्हणतो, "वहिनी, डोळे दिपले हो!"

मला शोभेची हौस नाही. पांढऱ्यावर रक्त लपत नाही, म्हणून ते लख्ख हवं. चिमटीला विचारलं की ती म्हणते, "काही लागलं नाही." कुठलीच पोरं खरं सांगत नाहीत. कपडे खोटं बोलत नाहीत. पिवळट, मळकट जॅकेटवर एखादा थेंब नजरेतून सुटायचा. माझ्या धुतलेल्यावर सुईच्या टोकाएवढाही सुटणार नाही. आधी काखा बघते, मग छाती, मग बाही. काही नसलं की मला नीट श्वास येतो.

इस्त्री करता करता हे म्हणाले, "ते जॅकेट धुताना तू गाणं गुणगुणतेस."

"काहीतरीच तुमचं. मी कशाला गुणगुणू? जीव टांगणीला लागलेला असतो माझा."

"असेल बाबा," म्हणाले आणि पुढचा शर्ट घेतला. मी गुणगुणत नाही.

२० फेब्रुवारी

आज नाइलाजाने बघायला गेले. चिमटीने चारदा विचारलं होतं, चौथ्यांदा नाही म्हणायला तोंड नव्हतं. क्लबातल्या क्लबात सामने होते.

बघायला काय आहे ते लिहून ठेवते. हॉलमध्ये लांबच लांब पट्टी अंथरलेली. दोन टोकांना दोन मुली, तोंडावर जाळीचे मुखवटे. कोण कुठली ओळखू येत नाही. प्रत्येकीच्या पाठीला वायर. आमच्या इस्त्रीला असते तशी वायर लावलेली माझी पोरगी! तलवारीचं टोक समोरचीच्या अंगावर दाबलं गेलं की दिवा लागतो. डोक्यापासून पायापर्यंत कुठेही टोचलेलं चालतं. मी विचारलं, "कुठेही म्हणजे?" हे म्हणाले, "कुठेही." चांगला नियम आहे.

सुरू व्हायच्या आधी तलवार नाकासमोर उभी धरून सलाम करतात. समोरचीला एक, पंचाला एक आणि बघणाऱ्यांना एक, असं हे सांगतात. जिला भोसकायचं तिलाच आधी सलाम! तो पहिला सलाम बघितला आणि मी डोळे मिटले.

यांना मात्र खेळ अंगात आल्यासारखा चढतो. एरवी दिवसभरात दहा वाक्यं बोलणार नाहीत. तिथे खुर्चीच्या टोकावर बसून, "गेली, गेली... मागे आली... अगं, ती फसवतेय तिला... अरे वा!"

"लागलं का?"

"तिला नाही लागलं, हिने मारलं! काय मजा आहे गं! डोळे उघड ना!"

"तुम्हीच बघा मजा. मला नुसतं शेवटी सांगा, जिवंत आहे की नाही."

"सलाम केला होता बघ तिने, बघणाऱ्यांना."

"तुम्हाला केला असेल."

 मी यांचं मनगट धरून बसले होते. घरी येऊन बघितलं तर माझ्या नखांच्या चार खुणा.

निघताना कोचबाई भेटल्या. बुटक्या, सडसडीत, केस पिकलेले, आवाज मात्र पोलिसासारखा. मी विचारलंच, "हे धोक्याचं नाही का?"

"बघणाऱ्याला वाटतं," त्या म्हणाल्या. "खेळणाऱ्याला तेवढं नसतं. तलवार वाकते, बोथट असते. कधी तुटते, तेव्हा टोक धारदार होतं, ते खरं. पण त्याचसाठी जॅकेट असतं ना. जॅकेट धड असेल तर काळजी नाही."

म्हटलं, "जॅकेटची काळजी तुम्ही करू नका. ते माझ्याकडे असतं." कोचबाई हसल्या. मलाही जरा बरं वाटलं.

२७ फेब्रुवारी

हॉटेलवाला तणतणत आला. नॅपकिनची चळत काउंटरवर आपटली. "बघा, बघा! कडेने विरलेत. बोट घातलं की फाटतात. गिऱ्हाइकाने तोंड पुसलं तर अर्धा नॅपकिन हातात राहतो."

मी म्हटलं, "तुमची गिऱ्हाइकं तोंड पुसतात की भांडी घासतात? रश्श्याचे डाग तुम्हाला हवेत लख्ख निघालेले. डाग जायचा तर कापडाला थोडं सोसावं लागतंच."

"थोडं म्हणजे किती?"

"नवे घ्या. इतके स्वस्त नॅपकिन घेता आणि मला बोल लावता!"

गेला पाय आपटत. चोराच्या उलट्या बोंबा. माझ्या हातून कधी कापड खराब होत नाही.

३ मार्च

चिमटीचं जॅकेट आता छान मऊ झालंय. नवं होतं तेव्हा उभं केलं तर उभं राहायचं, आता ओढणीसारखं दोरीवर लोंबतं. वाळतंही लवकर. मी तिला म्हटलं, "बघ, किती हलकं झालं. आता टोचत नाही ना?" तिने बाही चोळून बघितली. "नाही टोचत," म्हणाली. तिचा चेहरा मला जरा उतरल्यासारखा वाटला. अभ्यासाचं असेल.

पण दुसरी भानगड सुरू झालीय. जॅकेटच्या आत ती एक अर्धंच जॅकेट घालते. एकाच बाहीचं असतं, तलवारीच्या हाताच्या काखेखाली दुहेरी कापड यावं म्हणून. ते धुवायला देत नाही. देतच नाही! दीड वर्षात एकदाही माझ्या हाती लागलेलं नाही. स्वतः कुठेतरी पाण्यातून काढत असेल तर देव जाणे. वास असा येतो, की पिशवी उघडली तर चाव्यावाला दुकान बंद करून पळेल. एक बाई साऱ्या गावाचे कपडे धुते आणि तिच्या पोरीच्या अंगाला असा वास! लोक काय म्हणतील?

"दे इकडे."

"नाही. ते माझं लकी आहे. धुतलं तर हरेन."

"घाणीत कसलं आलंय नशीब?"

"आई, नाही म्हणजे नाही."

हट्टी आहे. माझ्यावर गेलीय, असं ताई म्हणते. ताईला काय कळतंय!

९ मार्च

पंधरा तारखेला निवड चाचणी. जिंकली तर मोठ्या संघाच्या सरावाला जाणार, चार महिने बाहेरगावी. तिथे याहून उंच, याहून आडदांड मुली. तिथे तिचं जॅकेट कोण धुणार? काखा कोण बघणार?

आज चिमटीला जवळ बसवलं. म्हटलं, "हे बघ, हौस झाली ना? आता पुरे. तू पुन्हा पोहायला लाग, मी रोज येऊन काठावर बसेन. शपथ."

"आणि इथे?"

"इथे मी येते की."

"येतेस आणि डोळे मिटून बसतेस."

 मी खोटंच म्हटलं, "मला प्रार्थना करायची असते."

"आई, एकदा तरी बघ ना मला. चांगली खेळते गं मी." एवढं बोलून उठून गेली.

मला माहीत आहे ती चांगली खेळते. हे सांगतात, कोचबाई सांगतात. पण चांगलं खेळणाऱ्याला कमी लागतं, असं कुणी सांगत नाही. काल स्वप्नात चादरी दिसल्या. एकामागून एक टबात टाकतेय आणि पाणी काही निवळत नाही, लालच. घामाने भिजून जागी झाले. हे म्हणाले, "काय झालं?" म्हटलं, "पाणी गरम होतं." यांना काही कळलं नाही, आणि समजावून सांगायचं धाडस मला झालं नाही.

१४ मार्च

उद्या चाचणी. आज जरा जास्तच ब्लीच घातलं. सगळ्यांच्या नजरेत भरायला हवं. जॅकेट असं निघालं, की हॉस्पिटलच्या चादरी त्याच्यापुढे मळक्या वाटाव्या.

दुपारी यांच्या इस्त्रीच्या टेबलाखाली धागा शोधायला वाकले, तर तिथे ते अर्धं जॅकेट! जुन्या बेडशीटमध्ये गुंडाळून ठेवलेलं. म्हणजे हेही सामील! बापलेकीने मिळून वासाचं गाठोडं लपवलं! मी ते उचललं आणि सरळ टबाकडे निघाले. टबात ब्लीचचं पाणी तयारच होतं. बुडवणार, तोच चिमटी दारातून आत आली आणि तिने ते असं हिसकावलं, की मी भिंतीवर आदळले.

"तुला सगळंच धुवायचं असतं!" केवढ्यांदा ओरडली. पोरीचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "माझं एक तरी राहू दे ना न धुतलेलं!"

गिऱ्हाईक उभं होतं काउंटरवर. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी एवढंच म्हटलं, "ठेव. ठेव तुझं घाणेरडं नशीब."

हे इस्त्री उभी करून बघत राहिले. नंतर म्हणाले, "मी जागा दिली फक्त. ती रडकुंडीला आली होती." मी यांच्याशी बोलत नाही. तिच्याशीही नाही. लख्ख जॅकेट घडी करून तिच्या पिशवीवर ठेवलंय. ती आली, तिने ते उचललं आणि थोडा वेळ हातात धरून उभी राहिली. मग भरलं.

१५ मार्च

चिमटी ठीक आहे. चिमटी ठीक आहे. बाकी आज लिहिता येत नाही.

१६ मार्च

ती झोपलीय. दुकान बंद ठेवलंय. लिहिते.

आम्ही तिसऱ्या रांगेत होतो. सकाळपासून ती जिंकत होती. माझे डोळे मिटलेले, यांचं मनगट हातात. आमचा अबोला चालूच होता, पण मनगटाशी माझं भांडण नव्हतं. संध्याकाळी शेवटच्या आधीचा सामना, समोर एक डावरी, चांगली उंच. हे म्हणत होते, "बरोबरीत आहेत... आता बघ... दोघी एकदम निघाल्या..."

आणि आवाज झाला. कट्ट! सुकी काटकी मोडावी तसा. मग काहीतरी फरशीवर खणखणत गेलं. मग आवाजच नाही. एवढा मोठा हॉल, एवढी माणसं आणि कुणाचा श्वासही ऐकू येईना. हेही बोलत नव्हते.

मी डोळे उघडले.

ती डावरी पोरगी मुखवट्याच्या आत मोठमोठ्याने रडत होती. तिच्या हातात अर्धीच तलवार. आणि माझी चिमटी उभी होती, उजवा हात वर आणि डावा त्याच्या काखेखाली दाबलेला. मी रक्त शोधलं. एवढंच येतं मला. काखा, मग छाती, मग बाही. रक्त नव्हतं. लख्ख पांढरं होतं सगळं. आणि मग दिसलं, जॅकेट काखेपासून कंबरेपर्यंत उघडं पडलं होतं. वाण्याची कागदी पिशवी भिजली की फाटते, तसं. त्या फटीतून आतलं पिवळं पडलेलं अर्धं जॅकेट दिसत होतं.

मी कशी खाली पोचले ते आठवत नाही. हे म्हणतात, मी खुर्च्यांवरून गेले. डॉक्टर तिचे बंद सोडत होते. अर्ध्या जॅकेटवर काखेच्या खाली एक खोल चरा, वरचा पदर कापलेला आणि आतला शाबूत. त्याच्या आत अंगावर काळानिळा वळ आणि खरचटल्याची रेघ. थेंबभर रक्त. डॉक्टर म्हणाले, "बरगड्यांच्या मधोमध आलं होतं. हे आतलं नसतं तर..."  मला वास येत होता, त्या घाणेरड्या कापडाचा. मी तोंड खुपसलं त्यात. सोडवेना मला.

चिमटी म्हणत होती, "मला खेळायचंय, मी खेळू शकते." डॉक्टर नाही म्हणाले. या वर्षीची निवड गेली. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच तिचं तोंड बघून माझीच मला लाज वाटली.

रात्रभर एकच विचार. परवा तो टब भरलेला होता. मी बुडवणारच होते.

१७ मार्च

कोचबाई दुकानात आल्या. फाटलेलं जॅकेट तपासायला त्यांच्याकडेच ठेवलं होतं. काउंटरवर ठेवलं. म्हणाल्या, "तलवारी तुटतात हो. नेहमीचंच आहे ते. पण मी इतकी वर्षं शिकवतेय, जॅकेट असं फाटलेलं बघितलं नाही." त्यांनी दुसरी, न फाटलेली बाही दोन्ही हातांच्या चिमटीत धरली आणि ओढली. काही जोर नाही, काही नाही. टर्र करून फाटली.

"तुम्ही हे कशात धुता?"

मी कोपऱ्यातल्या ब्लीचच्या निळ्या पिंपाकडे बोट दाखवलं. 

कोचबाई त्या पिंपाकडे बघत राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, "याचा धागा वेगळा असतो. ब्लीचने तो कुजतो. बाहेरून कळत नाही, उलट छान मऊ लागतो. लेबलवर लिहिलेलं असतं."

लेबल.

"आणि आतलं कशात धुता?"

"ते ती मला धुवू देत नव्हती."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि गेल्या.

हॉटेलवाल्याने नॅपकिन त्याच काउंटरवर आपटले होते. बोट घातलं की फाटतात, असं ओरडून सांगत होता बिचारा. मी त्यालाच झापलं. एक एक जण येऊन सांगून गेला मला. पोरीनेही सांगितलं होतं. वीस वर्षांची लाँड्रीवाली मी! रक्त दिसावं म्हणून धूत होते. दीड वर्ष, आठवड्यातून दोनदा, माझ्या या हातांनी मी माझ्या पोरीच्या अंगावरचं एकमेव चिलखत कुजवत होते. ज्याची भीती होती तेच मी टबात भिजत घालत होते.

ताईला फोन केला. सगळं सांगितलं. ताई म्हणाली, "रोज फोन कर."

१९ मार्च

आज चिमटीला सांगितलं. यांनी म्हटलं होतं, "मी सांगू का?" म्हटलं, नाही, धुतलं मी, तर सांगेनही मीच.

ती उशीला टेकून बसली होती. मी उभ्या उभ्या बोलले, बसायची हिंमत झाली नाही. सगळं सांगितलं. ब्लीच, नीळ, लेबल. वाटलं, ओरडेल. ओरडायलाच हवं होतं.

ती म्हणाली, "मला वाटतच होतं."

"काय वाटत होतं?"

"एवढं होईल असं नाही. पण ते मऊ व्हायला लागलं तेव्हाच कळलं होतं. म्हणून तर आतलं तुला देत नव्हते. लकीबिकी काही नाही. म्हटलं, निदान काखेखाली एक तरी धड असू दे."

 "अगं, मग बोलली का नाहीस? जिवाशी खेळ का हा?"

"बोलले होते ना पहिल्या दिवशी. तू केवढी चिडलीस." मग चादरीच्या कडेशी चाळा करत म्हणाली, "आणि आई, ते धुताना तू गुणगुणायचीस."

"मी? कधी?"

"माझ्या खेळाचं नाव काढलं की तुझं तोंड एवढंसं होतं. बघायला आलीस तर डोळे मिटतेस. तेवढं एक जॅकेट धुताना तू खुशीत असायचीस. दोरीवर घालून लांबून बघायचीस. म्हटलं, माझ्या खेळातलं एवढं एक तरी हिला आवडतंय. ते कशाला बंद करू?"

मी खाली बसले आणि रडले. हमसून हमसून रडले, माझी आई गेली तेव्हाही अशी रडले नव्हते. तीही रडली. आणि तिला हसूही येत होतं, हसलं की बरगडी दुखत होती, म्हणून आणखी रडत होती. दारात हे हातात कुणाची तरी विजार घेऊन उभे. त्यांनी त्याच विजारीला डोळे पुसले. गिऱ्हाइकाची विजार!

रडणं ओसरल्यावर विचारलं, "आता सोडशील का गं?"

"नाही."

"बरं," म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मागण्याचा हक्क मी पिंपात बुडवून बसलेय.

हॉटेलवाल्याला फोन केला. म्हटलं, नॅपकिन तुम्ही म्हणत होता तसेच विरलेत, नवे माझ्याकडून. तो इतका दचकला की म्हणाला, "वहिनी, तब्येत बरी आहे ना?"

६ एप्रिल

नवं जॅकेट आलं, आतलं अर्धंही नवं. लेबल जागेवर आहे. टोचतं, तर आतून मऊ पट्टी शिवून दिली, लेबलला धक्का न लावता. मी ते लेबल चारदा वाचलं.

आज क्लबाचे सामने होते.  सकाळी यांना म्हटलं, "मी नाही येत." चपला घालताना म्हटलं, "येते." हॉलच्या दारात पुन्हा म्हटलं, "नाही." यांनी मनगट पुढे केलं.

डोळे उघडे ठेवून बसले. कुणाला वाटेल, त्यात काय मोठं! पापण्या आपोआप मिटायच्या, मी त्या हट्टाने उघडायचे. चिमटी पट्टीवर आली. नाकासमोर तलवार धरली. समोरचीला सलाम, पंचाला सलाम. मग वळली. एवढ्या माणसांत तलवारीचं टोक सरळ आमच्या रांगेकडे आलं, माझ्याकडे, आणि तिथेच थांबलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबलं असावं, कारण पंचाने मान वळवून बघितलं.

मी हळूच विचारलं, "अहो, हे नेहमी करते?"

"नेहमी."

"माझ्याकडे?"

"पहिल्या दिवसापासून." हे समोरच बघत होते. "तू बघत नव्हतीस."

मी हात वर केला. तेव्हा तिने मुखवटा घातला.

मग बघितलं सगळं. भीती? पूर्वीपेक्षा जास्त वाटली. आता काय फाटतं आणि कसं फाटतं ते मला माहीत आहे. ती पुढे गेली की माझा जीव पुढे, ती मागे आली की माझा जीव मागे.  समोरची चाल करून आली, चिमटी पट्टीच्या टोकापर्यंत मागे हटली, आणखी एक पाऊल गेली की बाहेर, आणि समोरचीचा हात जरासा वर गेला. तिची सगळी कूस उघडी पडली. मला दिसलं ते. मला! मी उठून उभी राहिले. ओरडायचं होतं 'सांभाळ', आणि तोंडातून निघालं, "मार!"

अख्खा हॉल वळून बघायला लागला. कोचबाईसुद्धा. चिमटीच्या बाजूचा दिवा लागला होता.

शेवटी ती हरली. एका दिव्याने हरली. मुखवटा काढला तर चेहरा घामाने थबथबलेला आणि हसतेय, हरलेली पोरगी! तिथूनच ओरडली, "आई, कुणाला मार म्हणालीस गं?"

घरी आल्यावर तिने जॅकेट पुढे केलं. छातीवर तलवारीच्या टोकाचा करडा ठिपका. मग जरा थांबून तिने पिशवीतून ते जुनं आतलं, वासाचं, चरा पडलेलं अर्धं जॅकेटही काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"हेपण?" मी विचारलं.

"हेपण."

दोन्ही धुतली. गार पाणी आणि साधा साबण. वास बराचसा गेला. करडा ठिपका नाही गेला. मला तो काढता येतो, पण काढला नाही. दोरीवर घालून आत आले, यांच्या मनगटाला तेल लावलं. नखांच्या खुणा या वेळी पाच होत्या.

हे म्हणाले, "आज पण गुणगुणत होतीस."

म्हटलं, "हो, ऐकलं मी."